पश्चिमेची काच कुणी लावली

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला जेवायला बसलो होतो. ताट सारलं आणि लातूरची गाडी धरली. पण हे लिहायला बसलोय ते नंतरच्या शोकसभेमुळे. तिथं एक वक्ते प्रेमानंच म्हणाले, "इमारतीत वीज कशी वाचवायची हे अप्पांनी आपल्याला शिकवलं. चुकले ते एकदाच, नांदेडच्या त्या वाचनालयात!" लोक डोळे पुसता पुसता हसले. पुढची पाळी माझी होती. मी बोललो... पण त्याबद्दल बोललो नाही.

अप्पा मूळचे लातूरजवळच्या मुरुडचे. आम्ही एकाच वर्गात शिकून अभियंते झालो. मी एका शिक्षणसंस्थेचा सचिव झालो, ते लोकांच्या इमारती तपासत हिंडले. ऊर्जा लेखापरीक्षण असं त्या कामाचं भारदस्त नाव; अप्पा म्हणत, "घराची नाडी बघतो." कपाळावर विभूती, खांद्याला झोळी, झोळीत तापमापक आणि अगरबत्तीचा पुडा. दारं-खिडक्या लावून चौकटीच्या कडेनं जळती अगरबत्ती फिरवायची. धूर जिथं हलेल तिथून एसीचा गारवा पळतोय असं समजायचं. कंधारच्या एका पतसंस्थेत मी सोबत होतो. अगरबत्ती पेटलेली पाहून व्यवस्थापकांनी चपला काढल्या, टोपी घातली, नारळ मागवला. कर्मचारी हात जोडून उभे! अप्पा खिडकीशी वाकलेले. "साहेब, देव न्हाई, फट हुडकून राहिलो." व्यवस्थापक गोंधळले, "मग सापडली का?" "हाव, सापडली. नारळ मातर फोडा, भूक लागलीय." खोबरं खात खात त्यांनी खिडकी कशी बुजवायची ते समजावलं.

आमच्या संस्थेचं वाचनालय बांधायचं ठरलं तेव्हा सल्लागार म्हणून मीच त्यांना बोलावलं. पश्चिमेला जाड भिंत, लहान खिडक्या, वर रुंद छज्जा, गच्चीला पांढरा लेप, असं त्यांचं सांगणं. मी नुकताच हैदराबादेत काचेच्या इमारती पाहून आलो होतो. म्हणालो, "अप्पा, रस्त्यानं जाणाऱ्यानं मान वर करून बघावं असं काहीतरी पाहिजे." ते मला थट्टेनं मालक म्हणायचे. "मालक, बघणारा रस्त्यावर हाय, पोरं आत बसणार हायती. त्यांचं काय करता?" मी ऐकलं नाही. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच बसली. उन्हाळ्यात दुपारनंतर आत कुणी बसेना. एसी वाढवले, तरी पोरं व्हरांड्यात येऊन वाचायची. शेवटी विश्वस्तांनी बैठकीत विचारलं, ही काच कुणाच्या सल्ल्यानं? मी म्हणालो, "सल्लागार अप्पाच होते." एवढं बोलून मी गप्प बसलो. बाकीचं त्यांनी त्यांचं समजून घेतलं, आणि शहरानंही. अप्पांना लोक 'काचवाले' म्हणू लागले. नांदेडातली कामं हळूहळू थांबली. ते मला एकदाच म्हणाले, "बैठकीत लई थोडक्यात बोललास म्हणं." त्यानंतर तो विषय निघाला नाही. येणं-जाणं तसंच राहिलं, चहा तसाच... फक्त मालक म्हणणं बंद झालं. मला ते नावानं हाक मारू लागले.

गेल्या आठवड्यात हा मजकूर घेऊन लातूरला गेलो आणि छापायला देण्याआधी वहिनींना वाचून दाखवला. अप्पांच्या खोलीतच बसलो होतो. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "काच कुणी लावली तिथं नाव घातलंय का?"

"माझं."

"मंग छापा." मग म्हणाल्या, "ते असते तर म्हणले असते, लई लांबवलंस."

ऊन कललं होतं. मी खिडकी उघडायला उठलो, तशी त्यांनी मला हातानंच थांबवलं. स्वतः उठून पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला. भिंत निवल्याशिवाय खिडकी उघडायची नाही, हा त्या घरात अप्पांचा नियम.

"आजून गरम हाय," वहिनी म्हणाल्या, आणि परत येऊन बसल्या. मीही बसलो.