यादीतला पाचवा

आमची कल्पिता वरोरच्या मच्छीमार सोसायटीत कारकून. तिच्या भिंतीला माझी भिंत, त्यामुळे तिच्याकडचं कालवण करपलं की आधी मला कळतं. तिचा नवरा जतीन २०१५ साली भीमा तांडेलच्या बोटीवरून समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. बाई रडली नाही. आठवड्यानं कामावर गेली आणि तशीच जात राहिली.

काम काय, तर खलाशांच्या याद्या. तीन थरांचा कागद लावला की जुना प्रिंटर करकर करत एका दमात तिन्ही उठवतो. वरची प्रत बोटीवर, मधली दप्तरात, खालची गुलाबी सोसायटीच्या दाराला. बोटीला उशीर झाला की बाया त्या गुलाबी कागदापुढे येऊन आपलं माणूस शोधतात.

आता आतली गोष्ट. कल्पिता दर मोसमाला नुसती तारीख बदलायची. म्हणजे भीमाच्या यादीत पाचवा जतीनच. त्याच्या जागी तलासरीकडचा लडक्या नावाचा खलाशी आला, त्याचं नाव भीमा वरच्या प्रतीवर पेनानं लिहायचा. गुलाबीवर लडक्या नाहीच. सगळ्यांना ठाऊक, बोलत कोणी नव्हतं. मीसुद्धा नाही, आता बोला!

२०१८च्या जुलैत जुना कॉम्प्युटर याद्यांसकट बसला. नवा आला, पण प्रिंटरची रुंद वायर लावायला त्याला मागे जागाच नाही. चेअरमन म्हणाले, "एक ऑगस्टला बोटी निघणार. तोवर हा डबा चालला नाही तर भंगारात. याद्या माझा पुतण्या डहाणूहून आणील."

पुतण्या काय, बोटीवर चढणाऱ्यांचीच नावं लिहिणार. जतीनचं नाव ठेवायचं की काढायचं हे कल्पिताच्या हातात राहायला प्रिंटर चालायला हवा होता.

मी गेले चिडवायला. "काय गं कल्पे, नव्या नवरीचं जुन्या नवऱ्याशी पटत नाही होय?"

बोलून गेले आणि जीभ चावली.

"वायर वेगळी लागते," ती म्हणाली. राग नाही, काही नाही.

तलासरीहून चिमणभाई रिपेअरवाला नवी वायर घेऊन आला. "कल्पिताबेन, खारी हवा खाऊन म्हातारा गंजलाय," म्हणत त्यानं खोडरबरानं टोकं घासली. पहिल्या कागदावर नुसते चौकोन.

"चिमणभाई, ही काय वाळत घातलेल्या पापलेटांची यादी?" मी म्हटलं.

तो खो खो हसला. कल्पितानं कागद फाडला, दुसरा लावला. दुपारपर्यंत असेच सात कागद गेले. मग त्याच्या ध्यानात आलं, कॉम्प्युटरला प्रिंटरचं मॉडेलच चुकीचं सांगितलंय. ते बदललं तसा म्हातारा खाकरला आणि कागदावर सावकाश सरळ मराठी उमटली.

पहिली यादी भीमाची. तो समोर येऊन बसला. लडक्या आणि त्याची बायको नवशी बाहेर पायरीवर. कल्पितानं चार नावं भराभर टाईप केली, पुढे पाचचा आकडा टाकला आणि थांबली.

भीमानं घसा साफ केला. "सहा नावं लिही, पोरी. मला चालतंय."

"बोटीवर किती जण?"

"पाच."

"मग सहा कशाला? लडक्याचं पूर्ण नाव सांगा."

भीमाला येईना. तीन वर्षं एका ताटलीत जेवला, पण बापाचं नाव माहीत नाही! कल्पितानं लडक्याला नाही, नवशीला आत बोलावून विचारलं. गुलाबी कागदापुढे येणार तीच ना! नवऱ्याचं नाव घ्यायला ती लाजली, मग सासऱ्याच्या नावासकट सांगून टाकलं.

प्रिंटर करकरला. पाचवी ओळ लडक्याची. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी भीमाकडे बघत बसले. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

कल्पितानं थर सुटे केले आणि गुलाबी कागद उजेडात धरला.

"फिकट आलंय. रिबन बदलायला हवी."

रिबन बदलली, यादी परत काढली, गुलाबी प्रत दाराला लावली. खुर्चीत येऊन बसली.

"पुढची बोट कोणाची?"