ओट्याखालचा देव

आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी आम्ही जुनी मंडळी खुर्च्या टाकून बसतो. नवीन भाडेकरू विचारतात, काकू, तुम्ही आलात तेव्हा इथं काय होतं? अहो, काहीच नव्हतं. आणि जिथं काही नसतं तिथंच किस्से जास्त होतात, कारण माणसाला दुसरा उद्योग नसतो. पहिलं कोण राहायला आलं यावर आमची अजून भांडणं होतात. किस्से मात्र सगळ्यांचे सगळ्यांना पाठ.

*

आमचे हे मार्केटात माथाडी होते. घर मिळालं तेव्हा साताऱ्याहून सासूबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी नळ सोडून बघितला, भिंतीवरून हात फिरवला, संडास घरातच म्हणून नाक मुरडलं. मग खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर मातीचा भराव, चार-दोन बिल्डिंगी, पुढं खाडी. इकडं तिकडं मान वळवून बघितलं आणि म्हणाल्या, "घर झ्याक हाय गं. पर गाव कुठाय?"

आठवडा व्हायच्या आत सासूबाई परत गेल्या.

*

वरच्या मजल्यावरचे कदम भाऊजी ह्यांच्याच माथाडी टोळीतले. त्यांना पिशवीतलं दूध गोड लागेना, म्हणून त्यांनी गावाहून म्हैस आणली आणि जिन्याखाली बांधली. आम्ही सगळ्यांनी बोंबाबोंब केली. शेणाचा वास, माश्या, एक ना दोन.

पण तेव्हा इथं ना दुकान, ना रिक्षा स्टँड. पाहुण्याला पत्ता सांगायचा तरी कसा? मग ज्याने त्याने सांगायला सुरुवात केली, जिन्याखाली म्हैस दिसली की आत या. पुढं ती म्हैस आटली, भाऊजींनी विकून टाकली, आणि सगळ्यांचे पाहुणे चुकायला लागले. माझा भाऊ भर उन्हात खाडीपर्यंत जाऊन आला आणि वर माझ्यावरच डाफरला.

आता कदम भाऊजी सोसायटीचे चेअरमन आहेत. गेटवर पाटी लावलीय, आवारात पाळीव प्राणी आणू नयेत. खाली सही त्यांचीच.

*

आम्ही तळमजल्यावर. राहायला येऊन महिना-दीड महिना झाला असेल, एक दिवस दुपारी दारात एक आगरी बाई उभी. कपाळभर कुंकू, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात जिवंत कोंबडा. ती पलीकडच्या गावठाणातली हिराबाई. आमच्या बिल्डिंगी बांधल्या ती सगळी जमीन आधी त्यांची भातशेती होती. ती शेती सरकारने घेतली.

मी तिला आत घेतलं, बसायला पाट दिला. तिने माझ्या स्टोव्हकडे बोट दाखवलं. म्हणाली, "बाय, इथं आमचे शेताचा देव हाय. वर्षातून एकदा मान द्यायला लागतो."

आपण रोज देवाच्या डोक्यावर भात शिजवतोय! पण घरात कोंबडा कापू देणं मला जमण्यासारखं नव्हतं. शेवटी आमचं ठरलं. नारळ इथं फोडायचा, कोंबडा देवाला नुसता दाखवायचा आणि तिच्या घरी शिजवायचा. कोंबड्याला हे पसंत नसावं. तो कदम भाऊजींच्या म्हशीच्या पाठीवर जाऊन बसला.

तेव्हापासून हिराबाई दरवर्षी येते. संध्याकाळी तिच्याकडून कालवण येतं. त्या कालवणाची सर हॉटेलला नाही.

*

मग स्टोव्ह गेला, गॅस आला. ओटा झाला आणि देवाची जागा नेमकी सिलिंडरखाली आली. हिराबाई दरवर्षी सिलिंडरलाच हळदकुंकू लावून जायची. एकदा नवा सिलिंडर द्यायला आलेला माणूस ते बघून बाहेर गेला, चपला काढून आत आला. जुना सिलिंडर उचलायच्या आधी त्याने मला हळूच विचारलं, वहिनी, ह्याला हात लावला तर चालेल ना?

*

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंट ठरली. टॉवर होणार, सगळ्यांना मोठी घरं मिळणार. आर्किटेक्टने नकाशा दाखवला, त्यात माझ्या ओट्याच्या जागी लिफ्टचा खड्डा. हिराबाई आता फार थकलीय. तिला सांगितलं तर ती नुसती पदराशी चाळा करत बसली. मला ते बघवेना.

मी सांगून टाकलं, तेवढी जागा सोडा, मगच सही करीन. झालं! सगळ्यांच्या सह्या होऊन गेल्या आणि माझी एकटीची राहिली. लोक जिन्यात माझ्याशी बोलेनात. माझा मुलगा संतोष महाप्याला कंपनीत आहे. त्याची बायको, दोन पोरं, मी, सगळे एका खोलीत. तो काकुळतीला येऊन म्हणाला, आई, तो देव आपला पण नाही गं. कदम भाऊजी तर रोज दारात. म्हणाले, वहिनी, अख्खी बिल्डिंग तुमच्यापायी अडलीय. मी म्हटलं, तुमची म्हैस अख्ख्या बिल्डिंगने सांभाळली होती.

सहा महिने मी ताणून धरलं. रात्री झोप लागायची नाही. पोराचं घर माझ्या हट्टापायी गेलं तर तोंड कुठं लपवू, हेच डोक्यात.

*

शेवटी आर्किटेक्ट वाकला. लिफ्ट बाजूला सरकवतो म्हणाला, पण जागा नक्की कळायला हवी. एका रविवारी तो टेप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात हजर. भाऊजी, संतोष, सूनबाई, सगळे ओट्याभोवती उभे. हिराबाईला तिच्या नातसुनेने हाताला धरून आणलं.

आर्किटेक्ट खाली वाकला आणि म्हणाला, "आजी, देव नेमका कुठं होता, तिथं बोट ठेवा."

हिराबाईने फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मना काय ठावं?" ती म्हणाली. "भराव टाकला तवा शेत कुठं, बांध कुठं, काय दिसत नवतं. सगल्यांचे दारावर फिरले, कोनी उबं केलं नाय. हिनं आत घेतलं, बसाला पाट दिला. मंग देव इथंच बसवला मी."