दुसऱ्या नंबरची कॉइल

निलेशचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी शेंगा सोलत बसले होते. निलेश म्हणजे माझ्या नणंदेचा, ताईंचा मुलगा, नोकरीसाठी पुण्यात असतो. "मामी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. ताई दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. ना आजारपण, ना दवाखाना. सकाळीच बाळापूरच्या मळ्यात जाऊन शेवंतीची तोडणी बघून आल्या होत्या, स्वतः गाडी चालवत. आता काही आठवडे उलटले. रडू ओसरलं आहे, आणि ताई आठवल्या की खरं सांगायचं तर हसूच येतं. डोळ्यांसमोर त्या बहुतेक वेळा गाडीच्या उघड्या बॉनेटपाशीच उभ्या राहतात, पदर कमरेला खोचलेला, हाताला काळं लागलेलं.

तशी ती गाडी भाऊजींची, म्हणजे ताईंच्या यजमानांची. पेट्रोलची, जुनीच घेतलेली. भाऊजी असेपर्यंत ताई शेजारच्या सीटवर बसून रस्ता सांगायच्या. भाऊजी अचानक गेले आणि गाडी अकोल्याच्या घराच्या अंगणात कव्हर घालून उभी राहिली. फुलांचा मळा बाळापूरला, राहणं अकोल्याला. बसच्या वेळा पाहून जायचं, बसच्या वेळा पाहून यायचं, याचा ताईंना उबग आला. नातवंडांच्या वयाच्या पोरींबरोबर त्या ड्रायव्हिंग क्लासला जाऊ लागल्या आणि शिकल्यासुद्धा. गाडी सर्व्हिसिंगला दिली की इतर लोक चावी देऊन निघून जातात, ताई तिथंच स्टूल टाकून बसत. मेकॅनिक रफीकभाई म्हणायचे, "भाभी, घर जाइए, हो जाएगा." ताई म्हणायच्या, "जातो ना. पण तुमी हे काय काढून राहिले, थे तं सांगा." रफीकभाईंनाही सांगायची हौस. चहा येई, बोलणं चाले, आणि संध्याकाळी ताई घरी येऊन आम्हाला फोनवर कार्ब्युरेटर आणि इंजेक्टरमधला फरक समजावत. माझं त्यात अर्धं लक्ष असे.

मग एका हिवाळ्यात ती गाडी मिसिंग मारायला लागली. चालता चालता धक्के द्यायची, चढावर दम सोडायची, आणि थोडं थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. रफीकभाई तेव्हा बहिणीकडे हैदराबादला गेलेले. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गाडी रात्रभर ठेवली. सकाळी तिथं ती छान चालली, तरी त्यांनी सांगितलं की इंजिन उघडावं लागेल. निलेशला हे कळलं आणि त्याने ठरवूनच टाकलं की गाडी विकायची. त्यात पैशाचा प्रश्न नव्हता. आई एकटी हायवेवर अडकेल ही त्याची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. त्याने घेणारा माणूसही शोधला, रविवारी तो गाडी बघायला येणार होता. मी तेव्हा अकोल्याला ताईंकडेच आले होते. त्या मला म्हणाल्या, "सुनंदा, तुले अमरावतीले मीच सोडून देतो. पुढे गाडी राहते का नाई राहते..."

मूर्तिजापूर ओलांडलं आणि व्हायचं तेच झालं. गाडी थरथरायला लागली, समोर इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला. ताईंनी गाडी लिंबाच्या झाडाखाली बाजूला घेतली. तेवढ्यात निलेशचाच फोन. गाडी पुन्हा अडल्याचं ताईंनी त्याला सांगितलं. "आई, गाडी तिथंच राहू दे. मी माणूस पाठवतो. रविवारी घेणारा येऊनच राहिला, विषय संपला." ताई "हो" म्हणाल्या आणि फोन ठेवला.  त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी फक्त भाऊजी गेले तेव्हा पाहिला होता.

मग त्या एकदम खाली उतरल्या. "माणूस येईपर्यंत गाडी थंडी होईन. थंडी झाली का पुन्हा साळसूद. आत्ता गरम हाय तवाच पाहा लागते."

मला त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा! "गिअर न्यूट्रलवर हाय, तू फक्त किल्ली फिरव. अन् आयक." इंजिनाच्या डोक्यावर ओळीने चार कॉइल असतात, प्रत्येकीखाली एक प्लग. कॉइलने ठिणगी दिली नाही की तेवढा भाग मुका होतो आणि उरलेल्या तिघांवर भार येतो, हे मला त्या दिवशी कळलं. ताई गाडी बंद करायला लावायच्या, एका कॉइलची वायर काढायच्या, "कर चालू" म्हणायच्या. पहिलीची वायर काढली, गाडी आणखी हादरू लागली. ती परत जोडली आणि दुसरीची काढली...

"तुले काय वाटते?" बॉनेटमागून आवाज आला.

मी कान देऊन ऐकलं. "ताई, काहीच फरक नाही. आधी होती तशीच आहे."

"आँ? नीट आयक."

"नीटच ऐकतेय. काही फरक नाही!"

त्या बॉनेटमागून डोकावल्या. डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "मंग हेच घर आंधारात हाय. जे आधीच चालून नाई राहिलं, त्याची वायर काढली काय अन् ठेवली काय."

मला वाटलं, झालं. पण त्यांचं झालं नव्हतं. दोष कॉइलचा की खालच्या प्लगचा? डिकीतून दहा नंबरचा पाना आला. हाताला फडकं गुंडाळून त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली. पुन्हा तेच सगळं. आता दुसऱ्या जागेवरची वायर काढली की गाडी हादरत होती, आणि तिसऱ्या जागेवरची काढली तर ढिम्म. बिघाड कॉइलबरोबर जागा बदलून गेला होता!

"कॉइलच हाय," ताई म्हणाल्या. "प्लग असता तं जागचा हलला नसता." आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्या इतक्या हसल्या की जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारू लागला, काय झालं म्हणून.

हळूहळू, तीन पायांच्या बैलासारखी गाडी चालवत आम्ही मूर्तिजापुरात परतलो. स्पेअर पार्टच्या दुकानात कॉइल मिळाली. दुकानदाराचा चहा येईपर्यंत ताईंनी ती बसवलीसुद्धा, आणि बडनेऱ्यापर्यंत गाडी अशी चालली की बोलायचं भानच राहिलं नाही. तिथं थांबून त्यांनी निलेशला फोन केला. "बाबू, रविवारच्या माणसाले नाई म्हण. गाडी मी इकत नाई. भेवू नको, अडकली तं तुलेच पहिले सांगीन." पलीकडून तो म्हणाला, "आई, काय झालं होतं गाडीला, ते तरी सांग." आणि ताईंनी त्याला पहिल्या वायरपासून सांगायला सुरुवात केली.

त्यानंतर कितीतरी वर्षं ताईंनी ती गाडी चालवली. मळ्यातल्या बायकांना पातूरला लेणी दाखवायला नेलं, शेजारणींना दवाखान्यात पोचवलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात मैदानावर नेऊन मला क्लच सोडायला शिकवलं. रागवायच्या खूप, पण मी शिकले. त्यांना हवं ते सगळं त्यांच्या हातून झालं, असं मला वाटतं. फार थोड्या माणसांबद्दल असं म्हणता येतं.

तेराव्यानंतर निलेशने चावी माझ्या हातात ठेवली. "मामी, ही तुमीच न्या." मी अकोल्याहून अमरावतीला एकटी आले. ताईंची एक सवय होती. मुक्कामाला पोचलं तरी त्या लगेच किल्ली काढत नसत. गाडी सुरू ठेवून, डॅशबोर्डवर तळहात टेकवून थोडा वेळ तशाच बसत, जणू धावून आलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा. त्या दिवशी फाटकापाशी पोचल्यावर माझाही हात आपोआप तिथं गेला. काचेखालची बारीक, एकसारखी थरथर तळव्याला लागत राहिली. किती वेळ बसले कोण जाणे... आमचे हे फाटक उघडून बाहेर आले, आपल्या बहिणीची गाडी पाहून क्षणभर थबकले, आणि काळजीने विचारलं, "काय झालं? काही बिघाड आहे का?"

"काई नाई झालं," माझ्या तोंडून निघालं, "मस्त चालून राहिली."