कागदाचं जाकीट

प्यो दाल-सप हा माणूस मला कधी नीट कळला नाही. कोरियातल्या पुसान शहरात, आमच्या टेकडीवर, बारा वर्षं आमच्या भिंतीला त्याची भिंत लागून होती, त्याच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून सांगता यायचं, पण त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते देवालाच ठाऊक.

धंदा त्याचा जमिनींना कागद लावायचा. ऐपतदार घरांतल्या, खालून चुलीच्या धगीने तापणाऱ्या जमिनीवर जाड कागदाचे थर खळीने चिकटवायचे, वाळले की त्यांना सोयाबीनचं तेल पाजायचं, की जमीन अशी पिवळीधमक चकाकते की पाय ठेवायला लाज वाटावी. त्याच्या स्वतःच्या खोलीत मात्र सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा कागद. मी एकदा म्हटलं, "बुनीचे बाबा, घरीही जरा चांगला कागद लावा की. उरलेले तुकडे आणता ना?"

"चांगल्या कागदावर नीट झोप लागत नाही, छांग्यूची आई," तो म्हणाला. आता याला काय म्हणायचं? ते तुकडे तो पेटीत जपून ठेवायचा.

बायको बाळंतपणात गेलेली. मागे ही एकच मुलगी, बुनी. माझा छांग्यू तिच्याच वयाचा. दोघं एकत्र खेळायची, एकत्र मार खायची, आणि दैव बघा, दोघांना दुखणंही एकच लागलं. आधी छांग्यू खाली पडलेली गोटी वाकून उचलेना, गुडघ्यावर हात टेकत खाली बसायचा आणि मग उचलायचा. मी म्हटलं, नखरे आहेत. मग बुनीही तसंच करायला लागली, तेव्हा दोघांना इस्पितळात नेलं. मणक्याचा क्षय. आमच्या टेकडीवर पोक आलेली माणसं कमी नव्हती, त्यामुळे पुढे काय होतं ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काहींचे तर पायही गेले होते.

इस्पितळात मेंग नावाचे डॉक्टर होते. तरुण, चष्मेवाले, बोलणं गोड. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की औषध दोन्ही पोरांना मिळेल, फुकट मिळेल, पण रोज घ्यावं लागेल. एवढं समजलं. पुढे म्हणाले, निम्म्या पोरांना छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट घालणार, निम्म्यांना नाही.

प्योने विचारलं, "ज्याला जास्त गरज, त्याला का?"

"नाही. चिठ्ठीत येईल त्याला."

"पण डॉक्टरसाहेब, तुमच्या मते चांगलं काय? घातलेलं की न घातलेलं?"

"ते आम्हाला माहीत नाही. तेच तर शोधतोय."

प्यो माझ्याकडे बघतोय, मी प्योकडे. डॉक्टरला माहीत नाही, आणि ते तो हसतमुखाने सांगतोय! वैद्याला कळत नसलं तरी तो निदान नाडी धरून डोळे तरी मिटतो. पुढे त्यांनी एक कागद वाचून दाखवला, आम्ही सांगू तसंच करायचं, वगैरे. आम्ही दोघांनी सहीच्या जागी आपापल्या नावाचे शिक्के उमटवले.

चिठ्ठीत छांग्यूला जाकीट आलं. बुनीला नाही.

आता खरं सांगते, मी बाजारात सुकी मासळी विकते, आणि आदल्या दिवशी मी तिथल्या नर्सबाईंना सुकटीचा एक चांगला पुडा दिला होता. त्यामुळे मला आतून वाटलं, पुडा कामी आला. प्योलाही तेच वाटलं. टेकडी चढताना तो म्हणाला, "मी काय देणार होतो? खळ?" दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईंना हळूच धन्यवाद दिले, तर त्या माझ्यावर उखडल्या. "चिठ्ठी बंद पाकिटातून येते. मलाच काय, डॉक्टरांनाही आधी ठाऊक नसते. तुमची सुकट घेऊन जा." मी घेऊन आले. पण मग बुनीला का नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

माझा तोराही फार टिकला नाही. उन्हाळा लागला, प्लास्टरमध्ये ढेकूण शिरले, छांग्यू चॉपस्टिक आत घालून पाठ खाजवायचा आणि रडायचा. बुनी तिकडे साध्या झग्यात पायऱ्यांवरून खाली-वर करायची. मला वाटायचं, हिचंच बरं आहे. आणि प्योला ती पायरी उतरताना बघवायचं नाही. तिची पाठ जराशी वाकली की हा इकडे दात आवळायचा.

एका पावसाळी सकाळी मी मीठ मागायला त्याच्या घरी गेले, तर खळीचं पातेलं चुलीवर रटरटतंय आणि बुनी हात वर करून खोलीच्या मध्यात उभी. तिच्या अंगाभोवती तो ओल्या कागदाचे पट्टे गुंडाळत होता. त्या पेटीतला सगळा चांगला कागद बाहेर निघाला होता. थरावर थर, वर तेल. वाळल्यावर पाठीमागून कापून त्याला नाड्या लावल्या. सांगते ना, काम देखणं होतं. पिवळं, कडक, हलकं. टिचकी मारली तर टणटण वाजायचं.

"हे डॉक्टरांना चालेल का?" मी विचारलं.

"कळलं तर यादीतून नाव काढून टाकतील. नाव काढलं की औषध बंद."

"मग कशाला करताय हा उपद्व्याप?"

"त्यांना माहीत नाही म्हणाले ना? त्यांना कळेपर्यंत बुनीची पाठ थांबणार आहे का?"

मी मीठ घेऊन परत आले. औषध बंद होईल असं मलाही वाटलं होतं. शिक्का उमटवला होता तो काय गंमत म्हणून?

तेव्हापासून ठरून गेलं. तपासणीला जायच्या दिवशी जाकीट घरी राहायचं, परत आलं की पुन्हा अंगावर चढायचं. आणि टेकडी उतरताना प्यो बुनीकडून घोकून घ्यायचा.

"डॉक्टरांनी विचारलं, पाठीला काही बांधतेस का, तर?"

"नाही म्हणायचं."

"आणि सांगितलंस तर?"

"औषध बंद."

एकदा तिच्या कुशीवर कडांचे लाल वळ दिसले. नर्सबाईंनी विचारलं, हे काय? मी छांग्यूला घेऊन शेजारीच बसले होते. आठ-नऊ वर्षांची पोर. पण पापणी न हलवता म्हणाली, "चटईवर झोपले होते." प्योचा जीव भांड्यात पडला. परतताना त्याने तिला तिळाची चिक्की घेऊन दिली. तिने ती खाल्ली नाही, छांग्यूला देऊन टाकली. पोरगी तशी गप्पच झाली होती त्या काळात. दुखणाईत पोरं होतातच गप्प, असं मी म्हणायची.

दोघं बरी झाली. छांग्यूच्या पाठीला बारीकसं टेंगूळ राहिलं, बुनीच्या पाठीलाही, पण सदऱ्यातून दिसणार नाही इतकंच. दीड वर्षाने औषध थांबलं, नंतर फक्त अधूनमधून तपासणी. जाकिटं कधीच सुटली होती, पण खोटं सुटलं नव्हतं. "तेव्हा घरी काही बांधायचीस का?" असं मेंग डॉक्टर मधूनच विचारायचे, आणि बुनी नाही म्हणायची. बुनी मोठी होऊन केसांचे टोप बनवायच्या कारखान्यात लागली तरी हे चालूच होतं.

मग एका तपासणीला डॉक्टर खुशीत होते. मला म्हणाले, "निकाल लागला. जाकीट घातलेली आणि न घातलेली, दोन्हीकडची पोरं सारखीच बरी झाली. काम औषधाने केलं. यापुढे कुणाला प्लास्टर नको." माझ्या डोळ्यांसमोर ते ढेकूण आले. म्हणजे माझं पोर उगाच रडलं? मला हसू की रडू ते समजेना.

ही बातमी मी धावत प्योला सांगितली. वाटलं, माणूस खूश होईल. तो कागदावर खळ फिरवत होता, त्याचा ब्रश जागीच थांबला.

"बुनीला कुठे मोजलं?"

"न घातलेल्यांत."

"पण तिने घातलं होतं."

"ते कुणाला माहितीये?"

"मला. उद्या एखाद्या पोराला खरंच जाकिटाची गरज असेल आणि बुनीकडे बघून ते देणार नाहीत, त्याचं काय?"

मी कपाळावर हात मारला. "अहो, आता सांगाल तर बुनीची तपासणी बंद करतील. दुखणं उलटलं तर दारात उभं कोण करणार?"

ही भीती त्यालाही होती. दोन दिवस तो कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून दारात उभा, "बरोबर चला, मला एकट्याला बोलता येणार नाही."

मेंग डॉक्टरांसमोर तो खाली मान घालून सगळं बोलला. कागद, खळ, तेल, चटईचं खोटं. "तिला दुसऱ्या बाजूला टाका, साहेब. मोजणी बिघडली असेल तर माझ्यामुळे बिघडली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ज्याला चिठ्ठीत जे आलं, त्याच बाजूला तो मोजायचा, असा नियमच आहे. घरी जाऊन लोक काय करतील ते आमच्या हातात नसतं, हे आम्ही धरूनच चालतो.

"मग तुम्ही मोजता तरी काय?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"आम्ही 'जाकीट घाला' किंवा 'घालू नका' असं सांगितलं तर लोकांचं काय होतं, ते मोजतो." हे माझ्या डोक्यावरून गेलं. प्योच्याही गेलं असावं, पण त्याने मान हलवली.

"पण मग लपवलंत कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"औषध बंद झालं असतं."

"कोण म्हणालं?"

प्योने माझ्याकडे बघितलं. कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. कागदावर होतं का? तेही आठवेना.

"औषध कुणाचंच बंद झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. "तिला ते जाकीट घालूनच आणलं असतंत, तरी दिलं असतं. इथे यायचं आणि औषध घ्यायचं, तेवढंच बघत होतो आम्ही." आणि पुढे म्हणाले, "हे आम्ही स्पष्ट सांगायला हवं होतं."

मला असा राग आला. पण कुणावर? डॉक्टर गरीब तोंड करून बसलेले, प्यो त्यांच्याहून गरीब. मी नुसतीच उठले.

संध्याकाळी बुनी कारखान्यातून आली. प्योने गरम रश्शात भात घालून तिच्यापुढे ठेवला आणि जेवू लागल्यावर सांगितलं. मी दारातच होते. तिचा चमचा वाटीतच राहिला.

"म्हणजे मी खरं सांगितलं असतं, तरी चाललं असतं?"

"हो."

"मला वाटायचं, तोंडून चुकून निघालं की मी मरणार. म्हणून मी बोलायचंच सोडलं, बाबा. डॉक्टरांशीच नाही. शाळेत, छांग्यूशी, कुणाशीच. काय सांगता येतं, कधी काय निघून जाईल तोंडातून."

हाताला खळ लागलेली नसतानाही प्यो बोटं एकमेकांवर चोळत होता.

"मला वाटायचं, तू आईवर गेलीस," तो म्हणाला. "तीही फार बोलायची नाही."