नळावरची प्रार्थना

जुन्या हुबळीत आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, आणि बाकी सगळ्याला भिणाऱ्या. साधी पाल दिसली तरी डोळे मिटून येशूला म्हणायच्या, "येसप्पा, आता तूच बघ."

त्या उन्हाळ्यात पाणी आठवड्यातून एकदा यायचं, आणि गल्लीतला पैलवान सार्वजनिक नळाला सरळ स्वतःचा पाइप लावायचा. आम्ही बायका घागरी घेऊन नुसत्या पुटपुटायचो. एकदा अक्का पुढे झाल्या. त्यांनी पाइप उपसला, नळ घट्ट धरला आणि डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थनाच सुरू केली, "येसप्पा, या अण्णाला आशीर्वाद दे!"

पैलवान मारुतीचा भक्त; पण देवाचं नाव निघाल्यावर करतो काय? चपला काढून, हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला. अक्कांनी त्याच्या आईचे गुडघे, बहिणीचं लग्न, म्हशीचं दूध, काही सोडलं नाही. आम्ही हळूच घागरी सरकवत होतो. शेवटची भरल्यावर मी खोकले, तेव्हा कुठं "आमेन" झालं.

"बरं मागितलंत, अक्का," म्हणत पैलवान गेला.

"केवढं हो धैर्य तुमचं!" मी म्हटलं.

"धैर्य येसप्पाचं, गं. माझी नुसती बोटं. ती आधी नळावरून सोडव, भीतीनं आखडलीत."