निरोगी माणसाचा काप

आत्या प्रयोगशाळेत मेलेल्यांच्या फुफ्फुसांचे पातळ काप काढून काचेवर चिकटवते. जेवताना तिला तेच आठवतं.

“शी! श्वासनळीतले जे बारीक केस कचरा वर लोटतात, तेच झडलेले! वायुकोशांत काजळीचा चिकट लगदा! विडी न ओढणाऱ्यांचंही तसंच. किळस आलीय मला या गावाची.”

“वन्सं, घास तरी गिळू द्या,” आई म्हणते.

कॉलेजच्या सरांनी वर्गासाठी निरोगी माणसाचं फुफ्फुस मागितलं. आत्याने सगळी कपाटं पालथी घातली, पण एकही स्वच्छ सापडलं नाही. शेवटी वैतागून तिने खाटकाकडून डोंगरावरच्या बकरीचं आणलं.

आता मुलं सूक्ष्मदर्शकातून त्याचाच काप बघतात, त्याचं चित्र काढतात आणि खाली लिहितात, ‘निरोगी माणूस’.