नारळ उभा राहिला तिथं

आठ मार्चचं पत्रक मीच लिहिते. समुद्राचा तळ मोजणारी बाई, ध्रुवावर जाऊन बर्फ तपासणारी बाई, भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीचा गाभा ओळखणारी बाई. सभेत वाचलं की आमच्या वस्तीतले लोक जोरात टाळ्या वाजवतात. बाई लांबची असली की तिचा अभिमान फुकटात पडतो.

माझी चुलत बहीण भूगर्भशास्त्र शिकली. जमिनीखालचं पाणी शोधणं हीच तिची नोकरी. या उन्हाळ्यात झरीजवळच्या आमच्या गावात बौद्धवस्तीसाठी बोअर मंजूर झाली. एकच. म्हणून मी ताईला बोलावून घेतलं. दिवसभर उन्हात तिनं लोखंडी सळ्या ठोकल्या, तारा जोडल्या, जमिनीत करंट सोडून खडक तपासला.

"विहारापाशी खाली नुसता काळा पाषाण आहे, आबा. बोअर ओढ्याकडं घ्या."

आबा म्हणजे तिचे वडील, माझे काका. "बायांनी हंडे घेऊन तितक्या लांब जावं व्हय?" म्हणाले, आणि पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा धरून तो वस्तीभर फिरला. पाणाड्याचं रक्त ओ पॉझिटिव्ह असलं तरच पाण्यावर नारळ उभा राहतो, हे यांचं विज्ञान. विहारापाशी राहिला उभा. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली माणसं भोवती चपला काढून उभी. मी भांडले.

"तुजं पत्रक परभणीत वाट," काका म्हणाले. "नारळाला डिग्री लागत न्हाई."

बोअरची गाडी लागली. वाळत घातलेल्या कपड्यांवर धुरळा बसला. ओला खडासुद्धा वर आला नाही. गाडी पुढच्या गावाला निघून गेली. मला वाटलं, आता तरी ताईकडं बघतील. बघितलं.

"हिनं करंट दिला न्हवं जमिनीला," पाणाड्या शांतपणे म्हणाला. "पाणी गेलं खाली."

कुणी हसलं नाही. माना हलल्या. काकांचीही हलली.

ताई समजावून सांगायला लागली, केवढीशी बॅटरी असते ते. मोर्चा काढायचा तर कुणाच्या दारावर? आमच्याच?

माझ्या आईनं हंडा उचलला. आता पाटलाच्या विहिरीवर विचारून पाणी भरायचं होतं. ताई दुसरा हंडा घेऊन मागं निघाली.

"तू नको येऊस, बाई," आई हळू म्हणाली. "तुला हिरीपाशी बघितलं तर आमालाबी भरू देणार न्हाईत."